निवृत्ती कसली, नारळ!

एखादा क्रिकेटपटू चाळिशीला टेकला आणि तरी रिटायर व्हायचं नाव घेईना, की आमच्या घरच्या ग्रुपवर एक जुनं फॉरवर्ड हमखास उगवतं. या खेपेला ते मामाने टाकलं, खाली हात जोडलेले तीन इमोजी. मजकूर थोडक्यात असा: अमेरिकेत बेसबॉल नवा होता तेव्हाचे खेळाडू पैशासाठी नव्हे, प्रेमापोटी खेळायचे. ऐन भरात असताना, कुणी सांगायच्या आत, स्वतःहून बाजूला व्हायचे. एकदा निवृत्त म्हणजे निवृत्त, शब्द फिरवायचे नाहीत. आयुष्यभर एकाच क्लबशी इमान राखायचे. मग गावी शेतीवाडी करत मानाने म्हातारे व्हायचे आणि क्लबही त्यांना घरच्यासारखं सांभाळायचा. शेवटी ठळक अक्षरांत: आजच्या करोडपती खेळाडूंनी यातून काही शिकावं.

मामा पाटबंधारे खात्यातून अठ्ठावन्नाव्या वर्षी रिटायर झाला. हार, शाल, श्रीफळ, मग ग्रॅच्युइटी, मग दर महिन्याची पेन्शन. नोव्हेंबरात तो बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो आणि महागाई भत्त्याची थकबाकी निघाली की पेढे आणतो. निवृत्ती म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे हे सगळं येतं. नारळ त्या बेसबॉलवाल्यांनाही मिळाला, मामा. पण तो सत्काराच्या ताटातला नव्हता.

बेसबॉल मी गेली बारा-पंधरा वर्षं पहाटे उठून बघतो आणि मॅच नसते तेव्हा जुने आकडे चाळत बसतो. म्हणून फॉरवर्डातला एकेक दावा धरून लिहितोय. नेमका कुठला काळ ते त्यात लिहिलेलं नाही (कधीच नसतं), तेव्हा १८६९ पासून पहिल्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत असं आपणच धरू.

"पैशासाठी नव्हे, प्रेमापोटी"

१८६९ हेच साल का, तर त्या वर्षी सिनसिनाटीच्या रेड स्टॉकिंग्ज क्लबने उघडपणे सगळ्या खेळाडूंना पगारावर ठेवलं. १५ मार्च ते १५ नोव्हेंबर असा करार. आकडेही माहीत आहेत: कप्तान हॅरी राइटला १,२०० डॉलर, त्याचा धाकटा भाऊ जॉर्जला १,४००, राखीव गड्याला ६००. कप्तान थोरला आणि पगार धाकट्याला जास्त! जॉर्ज तेव्हा देशातला सगळ्यात भारी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) होता आणि आपला बाजारभाव त्याला पक्का ठाऊक होता. संघ सिनसिनाटीचा म्हणायचा, पण दहा जणांत खुद्द गावचा असा एकच, चार्ली गूल्ड. बाकीचे पैसे मोजून आणलेले. पहिल्या वर्षी ते एकही सामना हरले नाहीत, हे वेगळं.

त्याआधी पैसे घ्यायला नियमाने बंदी होती. म्हणजे पैसे नव्हते असं नाही, ते टेबलाखालून जात. ब्रुकलिनच्या एक्सेल्सियर्स क्लबचा जिम क्रेटन हा पिचर, म्हणजे आपल्याकडचा बोलर, १८६० पासून गुपचूप पैसे घेत होता असं मानलं जातं. तो १८६२ मध्ये एकविसाव्या वर्षी, सामन्यानंतर चारच दिवसांनी पोटाच्या दुखापतीने गेला. निवृत्तीचा प्रश्नच आला नाही.

तेव्हाच्या बेसबॉलमध्ये एक शब्द होता, 'रिव्हॉल्व्हर'. पिस्तूल नव्हे, जास्त पैसे दिसले की या क्लबातून त्या क्लबात फिरणारा खेळाडू. पगार सुरू व्हायच्या आधीपासून हा शब्द चालू आहे. आणि प्रेमापोटी खेळणाऱ्या या भाबड्या मंडळींनी १८८५ मध्ये चक्क युनियन काढली. काढणारा जॉन माँटगोमेरी वॉर्ड. आधी पिचर, हात निकामी झाल्यावर शॉर्टस्टॉप झाला आणि खेळता खेळता कोलंबियातून वकिलीची पदवी घेतली. १८८७ मध्ये त्याने एका मासिकात लेख लिहिला, त्याचं शीर्षकच असं होतं की बेसबॉल खेळाडू म्हणजे कुणाच्या मालकीची वस्तू आहे काय. तीन वर्षांनी या लोकांनी मालकांना सोडून स्वतःची लीग काढली. ती एका हंगामात बसली.

खेळावर प्रेम नव्हतं असं मी म्हणत नाही. होतं, आणि मालक त्याच प्रेमावर पैसा वाचवत होते.

"ऐन भरात असताना स्वतःहून"

फॉरवर्डाचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

त्या काळी संघाकडे पिचर एक, फार तर दोन. आज पाच जण पाळीपाळीने सुरुवात करतात आणि मागे आणखी सात-आठ बसलेले असतात. तेव्हा एकच माणूस आज टाकायचा, उद्या टाकायचा, परवाही टाकायचा. बोस्टनच्या टॉमी बाँडने १८७७, ७८ आणि ७९ या तिन्ही वर्षी चाळीस किंवा जास्त सामने जिंकले. १८८० मध्ये त्याचा खांदा बोलायला लागला. वय चोवीस. त्यानंतर तो पुन्हा तसा कधी उभा राहिला नाही. चोवीस! आपल्याकडे त्या वयात पोरं एमपीएससीचा दुसरा अटेम्प्ट देत असतात. पुढे बाँडने कातड्याच्या धंद्यात आणि बोस्टनच्या कर आकारणी खात्यात नोकरी केली. याला 'ऐन भरात बाजूला झाला' म्हणायचं असेल तर म्हणा.

चार्ली 'ओल्ड हॉस' रॅडबर्नची गोष्ट तर अमेरिकेत परीकथेसारखी सांगतात. १८८४, प्रॉव्हिडन्स ग्रेज. हंगामाच्या मध्यात दुसरा पिचर चार्ली स्वीनी भांडून बाहेर पडला. रॅडबर्नचं स्वतःचंही क्लबशी बिनसलेलं होतं. तो म्हणाला, उरलेला हंगाम मी एकटा ओढतो, पण मग मला तुमच्या बंधनातून मोकळं करा. (हे बंधन काय, ते पुढे येतंच.) त्याने त्या वर्षी ६७८ हून जास्त इनिंग (एक इनिंग म्हणजे समोरचे तीन गडी बाद होईपर्यंतची पाळी) टाकल्या आणि ५९ सामने जिंकले, काही जण ६० मोजतात, तो वाद आजही मिटलेला नाही. आजच्या पिचरने वर्षात २०० इनिंग टाकल्या की बातमी होते. असं सांगतात की सकाळी त्याला केस विंचरायला हात डोक्यापर्यंत नेता येत नसे. मग मैदानावर लवकर जायचं, काही फुटांवरून हळूहळू चेंडू टाकायला लागायचं, अंतर वाढवत न्यायचं, तासा-दोन तासांनी खांदा सुटला की मॅचला उभं राहायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रॉव्हिडन्सने लीग जिंकली. वर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन्सशी तीन सामने झाले, ते तिन्ही यानेच टाकले आणि जिंकले.

तो १८९१ पर्यंत खेळला आणि मग इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला त्याने सलून चालवलं. केस कापायचं नव्हे, दारूचं. त्या काळच्या निम्म्या खेळाडूंची गोष्ट अशाच एखाद्या सलूनपाशी येऊन थांबते. १८९४ मध्ये शिकारीत अपघाताने गोळी लागून एक डोळा गेला, चेहऱ्याचा काही भाग लुळा पडला. त्यानंतर लोकांनी आपलं तोंड बघू नये म्हणून तो सलूनच्या मागच्या खोलीत बसून असे. १८९७ मध्ये गेला, वय बेचाळीस.

आता, जे धडधाकट होते ते तरी 'स्वतःहून' गेले का? कॅप अँसन घ्या, त्या काळचा सगळ्यात मोठा तारा. १८७१ ते १८९७, सलग २७ हंगाम. शेवटच्या दिवशी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्याने दोन होम रन (आपल्या सिक्सरसारखे फटके) मारले. हे वाचून मामा म्हणेल, बघ, ऐन भरात गेला. गेला नाही, मामा. शिकागोने त्याचा करार पुढे चालू ठेवला नाही. बावीस वर्षं ज्या संघात काढली, जो लोकांच्या तोंडी 'पॉप', म्हणजे बापच, होता, त्याला नारळ. वर्तमानपत्रांनी पुढच्या वर्षी त्या संघाला नाव ठेवलं 'ऑर्फन्स', अनाथ पोरं. आज आपण शिकागो कब्ज म्हणतो तो हाच संघ.

आणि चिवटपणाचं म्हणाल तर 'ऑरेटर' जिम ओरूर्क. १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तिच्यातला पहिला हिट (बेस गाठून देणारा फटका) याच्या नावावर. येलमधून वकील झालेला, बोलायला लागला की थांबत नसे म्हणून ऑरेटर. १८९३ नंतर मोठ्या लीगमध्ये तो खेळाडू म्हणून नव्हता. पण २२ सप्टेंबर १९०४ ला न्यूयॉर्क जायंट्सचा मॅनेजर जॉन मॅग्रॉ याच्यामागे लागून त्याने एक सामना मागून घेतला. वय चोपन्न. जागाही कुठली, तर कॅचर: नऊ इनिंग उकिडवं बसायचं आणि वेगवान चेंडू पकडायचे. पूर्ण सामना खेळला, एक हिट मारला, एक रन केला आणि जायंट्सने त्याच दिवशी लीग जिंकली. फॉरवर्डवाल्यांना याचं काय करायचं ते कळणार नाही. मला मात्र हा म्हातारा फार आवडतो.

साय यंगचंही नाव अशा मजकुरात नेहमी येतं, कारण तो खरोखर ओहायोत शेतावर गेला. ५११ विजय, हा विक्रम मोडायची शक्यता शून्य. पण गेला कधी? १९११ च्या ऑगस्टमध्ये क्लीव्हलंडने सोडल्यावर बोस्टनच्या दुसऱ्या क्लबात, वय चव्वेचाळीस. बरं, तिथेही संपलं नाही. १९१२ च्या वसंतातल्या सराव शिबिरालाही हजर. हात शाबूत होता, पोट सुटलं होतं. बॅटर हलकेच बंट करून चेंडू पायापाशी टाकायचे आणि यंगला वाकता येईना. मग शेती.

"एकदा निवृत्त म्हणजे निवृत्त"

इथे ते बंधन समजून घ्यावं लागेल. १८७९ च्या सप्टेंबरात बफेलो शहरात नॅशनल लीगच्या मालकांनी गुपचूप ठरवलं: प्रत्येक क्लबने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे, त्यांना दुसऱ्या कुणी घ्यायचं नाही. पुढे पाचाचे अकरा झाले, मग बारा, मग चौदा आणि शेवटी सगळेच. याला म्हणतात रिझर्व्ह क्लॉज. करार एका वर्षाचा, पण वर्ष संपलं तरी तुम्ही त्याच क्लबचे. तो देईल त्या पगारावर खेळा नाहीतर घरी बसा. क्लबला मात्र तुम्हाला विकायची किंवा दहा दिवसांच्या नोटिशीवर काढून टाकायची मुभा. आमच्या आजोळी वेठबिगारीच्या गोष्टी सांगायचे, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की हे वेठबिगार बऱ्या कपड्यांत होते.

अशा करारात खेळाडूच्या हातात हत्यार एकच: मी खेळायचंच सोडतो. त्या काळातल्या बातम्यांत 'अमुक खेळाडू निवृत्त' असं दिसलं की मी आधी महिना बघतो. जानेवारी-फेब्रुवारी असेल, म्हणजे पगार ठरायचे दिवस, तर ती निवृत्ती पगारवाढीचा अर्ज समजायची.

होनस वॅगनर, पिट्सबर्गचा देवमाणूस. १९०८ च्या हंगामाआधी त्याने जाहीर केलं की आता बास, मी निवृत्त. पगार ५,००० डॉलर होता. मालकाने १०,००० कबूल केले आणि एप्रिलात वॅगनर मैदानावर. पुढे नऊ वर्षं खेळला. 'होम रन' बेकर १९१५ चं अख्खं वर्ष मेरीलंडमध्ये आपल्या शेतावर बसला, कारण फिलाडेल्फियाचा मॅनेजर कॉनी मॅक करार बदलेना. फॉरवर्डात त्याचा शेतावरचा फोटो टाकला असता तर खपून गेला असता: बघा, शेतकरी झाला! पुढच्या वर्षी मॅकने त्याला न्यूयॉर्कला विकलं आणि तो यँकीजकडून खेळायला लागला.

सगळ्यात लांब ताणलं ते एमॉस रूसीने. याचा चेंडू इतका जोरात यायचा की १८९३ मध्ये पिचर आणि बॅटरमधलं अंतर वाढवून ६० फूट ६ इंच करण्यामागे याचं नाव घेतात. जायंट्सचा मालक अँड्र्यू फ्रीडमन याने त्याला २०० डॉलरचा दंड ठोकला. रूसी म्हणाला, तो परत द्या, नाहीतर खेळत नाही. आणि १८९६ चा सबंध हंगाम, ऐन पंचविशीत, तो खेळला नाही. २०० डॉलरसाठी! त्याचा वकील कोण, तर आपला तो जॉन वॉर्ड. प्रकरण कोर्टात गेलं तर रिझर्व्ह क्लॉजच उडेल या भीतीने इतर क्लबांच्या मालकांनी आपसात वर्गणी काढली आणि रूसीचं देणं भागवलं. फ्रीडमनने शेवटपर्यंत खिशात हात घातला नाही.

उलट बाजूही होती. १८९२ मध्ये मालकांनी हंगाम चालू असतानाच पगार कापले. चार्ली बफिंटन २३३ सामने जिंकलेला पिचर. कपात मान्य नाही म्हणाला आणि एकतिसाव्या वर्षी कायमचा घरी गेला. हा खरोखर शब्दाला जागला, हे फॉरवर्डवाल्यांना मी देऊन टाकतो.

"आयुष्यभर एकाच क्लबशी इमान"

यावर फार लिहायला नको. पळायची सोयच नव्हती तिथे इमान कसलं? आणि क्लबाचं इमान किती, तर माइक 'किंग' केली हा शिकागोचा लाडका. १८८७ मध्ये त्याला १०,००० डॉलरला बोस्टनला विकला. तो पैसा शिकागोच्या तिजोरीत गेला. केलीचा स्वतःचा पगार २,०००, कारण तेव्हा पगाराला तेवढीच मर्यादा होती. वर बोस्टनने त्याचा फोटो वापरायचे म्हणून ३,००० दिले. मर्यादा मालकांनीच घातली आणि पळवाटही मालकांनीच काढली.

"शेतीवाडी आणि मानाचं म्हातारपण"

शेती करणारे होते. काही फार छान जगले. विल्यम हॉय हा बहिरा, मुका म्हणत त्या काळी. १९०३ नंतर खेळ सोडून ओहायोत दूधदुभत्याच्या धंद्यात गेला आणि नव्व्याण्णव वर्षं जगला. १९६१ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये सिनसिनाटीत पहिला चेंडू त्याच्या हातून टाकवला, पुढे दोनेक महिन्यांत गेला. सिनसिनाटीचाच बिड मॅकफी अठरा वर्षं एकाच क्लबात खेळून १८९९ मध्ये आपल्या मर्जीने थांबला. यातली बरीच वर्षं तर तो हातात ग्लोव्ह न घालता खेळला. बिली संडे याने १८९१ मध्ये मोठ्या पगाराची ऑफर नाकारून शिकागोच्या वायएमसीएत महिना ८३ डॉलरवर काम धरलं आणि पुढे अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला धर्मप्रवचनकार झाला. फॉरवर्डातलं चित्र या तिघांना लागू पडतं. मामा, तुझे तीन.

आता माझे.

जेम्स 'पड' गॅल्विन. ३०० सामने जिंकणारा पहिला पिचर, ६,००० च्या वर इनिंग. सलून काढलं, बुडालं. १९०२ मध्ये पिट्सबर्गला हलाखीत गेला, वय पंचेचाळीस. किंग केली: खेळ सुटल्यावर नाटक कंपन्यांत गाणी म्हणायचा, सलूनही झालं. १८९४ मध्ये कार्यक्रमासाठी बोस्टनला निघाला, वाटेत न्यूमोनिया, छत्तिसाव्या वर्षी खलास. अँसन: क्लबने काढल्यावर शिकागोचाच जुना अध्यक्ष अल्बर्ट स्पाल्डिंगने ५०,००० डॉलरचा निधी जमवायचं ठरवलं, तर याने भीक नको म्हणून नाकारला. नंतर बिलियर्ड्सचा हॉल काढून बुडाला. काही काळ शिकागोचा सिटी क्लार्क होता, मग पोरींना घेऊन रंगमंचावर नकला. लीगने पेन्शन देऊ केली तीही घेतली नाही. १९२२ मध्ये गेला तेव्हा अंत्यसंस्काराचा खर्च लीगने केला. याला नाही म्हणायला तो नव्हता.

रूसीचं तर वाचवत नाही. १९०० च्या डिसेंबरात जायंट्सने त्याला सिनसिनाटीला देऊन बदल्यात एक कोवळा पोरगा घेतला, ख्रिस्टी मॅथ्यूसन. रूसी तिथे तीन सामने खेळला, संपला. मॅथ्यूसनने पुढे जायंट्सना ३७२ सामने जिंकून दिले. रूसीने कागदाच्या गिरणीत काम केलं, नदीत शिंपले काढले, सिअॅटलला पाइप जोडायचं काम केलं. १९२१ मध्ये मॅग्रॉने त्याला बोलावून पोलो ग्राउंड्सवर कामाला ठेवलं. काम रात्रपाळीच्या वॉचमनचं. त्याच जायंट्सच्या मैदानावर.

आणि जिम डेव्हलिन. १८७७ मध्ये लुइव्हिल संघाची प्रत्येक इनिंग यानेच टाकली, संपूर्ण हंगाम. नंतर उघड झालं की पैसे घेऊन सामने सोडले. जन्मभराची बंदी, आणि ती योग्यच होती. स्पाल्डिंगने पुढे लिहून ठेवलेली हकिगत अशी की एका हिवाळ्यात फाटक्या कपड्यांतला डेव्हलिन लीगचा अध्यक्ष विल्यम हल्बर्ट याच्या ऑफिसात आला, गुडघ्यांवर बसला, बायको-पोर उपाशी आहे म्हणाला. हल्बर्टने डोळे पुसत खिशातून ५० डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवले, आणि बंदी उठवणार नाही म्हणून सांगितलं. डेव्हलिन फिलाडेल्फियात पोलीस शिपाई झाला. १८८३ मध्ये क्षयाने गेला.

मेल्यावर किंवा अपंग झाल्यावर खेळाडूच एकमेकांसाठी उभे राहत. बेनिफिट मॅच हा शब्द मुंबईच्या क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. क्लीव्हलंडचा अॅडी जॉस १९११ मध्ये ऐन एकतिशीत मेंदुज्वराने गेला. अंत्ययात्रेच्या दिवशी सामना होता. आम्ही खेळणार नाही, टोलीडोला जाणार, असं सहकाऱ्यांनी लिहून दिलं तेव्हा सामना पुढे ढकलला. अंत्यविधीचं प्रवचन त्याच बिली संडेने केलं. जुलैत देशभरातले मोठे खेळाडू क्लीव्हलंडविरुद्ध एक सामना खेळले आणि जवळजवळ १३,००० डॉलर जॉसच्या बायकोला दिले.

काही जणांची गोष्ट फॉरवर्डात येतच नाही. मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय कॅचर १८८४ मध्ये टोलीडोकडून मोठ्या लीगमध्ये खेळला. १८८७ च्या जुलैत इंटरनॅशनल लीगने (ही मोठ्या लीगच्या खालची) ठराव केला की यापुढे कुठल्याही काळ्या खेळाडूशी नवा करार नाही. हे वातावरण तापवण्यात 'पॉप' अँसनचा हात मोठा होता. वर त्याच्यासाठी हळहळलो, ते खरंच, हेही खरंच. फ्रँक ग्रँट, बड फाउलर ही माणसं कुठल्याही गोऱ्याच्या तोडीची होती. फाउलर १९१३ मध्ये गरिबीत गेला, ग्रँटने न्यूयॉर्कमध्ये वेटरचं काम केलं. दोघंही आता हॉल ऑफ फेममध्ये आहेत, ग्रँट २००६ पासून, फाउलर २०२२ पासून. त्यांना दार लावून घेतलं होतं, त्याला कुठला शब्द वापरायचा ते मामाने सांगावं.

"आजच्या करोडपतींनी शिकावं"

शिकले की. तेच तर शिकले. १९२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापारच नव्हे, म्हणून मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही, असं ठरवून मालकांना मोकळं रान दिलं. खेळाडूंना पेन्शन सुरू व्हायला १९४७ उजाडलं. आधीच खेळ सोडलेल्यांना त्यात जागा नव्हती. रिझर्व्ह क्लॉज प्रत्यक्षात मोडला १९७५ च्या डिसेंबरात, मेसरस्मिथ आणि मॅकनॅली या दोन पिचरांच्या प्रकरणात लवादाने निकाल दिला तेव्हा. बफेलोतल्या त्या बैठकीपासून मोजा: शहाण्णव वर्षं. आजचा खेळाडू चाळिशीतही 'अजून एक वर्ष' म्हणतो तेव्हा मलाही कधी कधी कंटाळा येतो. पण थांबायचं कधी हे तो ठरवतोय, आणि खेळाडूला हे ठरवू द्यायला त्या खेळाला शतक लागलं.

"क्लब घरच्यासारखं सांभाळायचा"

एकाच नावाने याचं उत्तर देतो. चार्ली बेनेट, डेट्रॉइटचा कॅचर. कॅचरला तेव्हा आजच्यासारखी जाड गादी नव्हती. त्याची बोटं इतक्यांदा मोडली होती की हात बघून माणूस शहारावा. पुढे बोस्टनला गेला. १० जानेवारी १८९४ ला मित्र जॉन क्लार्कसनबरोबर शिकारीला निघाला असताना कॅन्ससमधल्या वेल्सव्हिल स्टेशनवर तो कुणाशी तरी बोलायला गाडीतून उतरला. गाडी सुटली, धावत चढायला गेला, पाय घसरला. दोन्ही पाय गेले. वय एकोणचाळीस. ३२८ सामने जिंकलेला क्लार्कसन पुढे मनाने खचला आणि वेड्यांच्या इस्पितळात पोचला. बेनेटसाठी बोस्टनमध्ये बेनिफिट मॅच झाली.

तो डेट्रॉइटला परतला, सिगारचं दुकान घातलं, आणि त्या वाकड्या बोटांनी चिनीमातीच्या बशांवर फुलं रंगवून विकू लागला. १८९६ मध्ये शहरात नवं मैदान झालं, त्याला बेनेट पार्क नाव दिलं. तेव्हापासून दर वसंतात, मोसमाच्या घरच्या पहिल्या सामन्याला, तो लाकडी पायांवर होम प्लेटमागे, कॅचरच्या जागी, जाऊन उभा राहायचा आणि पहिला चेंडू पकडायचा. १९१२ मध्ये ते मैदान पाडून नवं झालं, त्याचं नाव गेलं, तरी यायचा. १९२६ पर्यंत आला. दरवर्षी लोक उठून टाळ्या वाजवायचे. तो त्याचा हयातीचा दाखला होता, मामा, फक्त त्याच्यावर पेन्शन मिळत नव्हती.